पांगाऱ्यावरचा आळ

पांगारा लाल फुलांनी पेटला की ताईच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. गेली चार वर्षं हेच. झाड तिनेच लावलेलं, पण श्वासापुढे माया किती टिकणार? तिने झाडतोड्याला शनिवारी सकाळी बोलावलं.

धाकटी बहीण प्रयोगशाळेत हवेतले परागकण मोजायची, म्हणून घरात तिचं नाव कणमोजी. "गावची हवा मोजतेस आणि सख्ख्या बहिणीचा दमा तसाच!" ताई टोमणा मारायची.

"उद्यापर्यंत थांब," म्हणत कणमोजीने शुक्रवारी, कण चिकटावेत म्हणून व्हॅसलीन लावलेली काच अंगणातल्या दोरीला चिमट्याने अडकवली. दोरी पांगाऱ्यापासून कुंपणातल्या तुतीपर्यंत. ताईच्या चादरी रोज तिच्यावरच वाळायच्या.

सकाळी तिने काचेवर गुलाबी रंगाचा थेंब टाकला, घरी आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओठ हलवत मोजू लागली. फाटकात झाडतोड्या कुऱ्हाड टेकून उभा.

सातशेवर ती थांबली. "तुतीचे आहेत."

"आणि पांगाऱ्याचे?"

"तीन. ते चिकट, जड. पाखरांच्या चोचीला चिकटून जाणारे. वाऱ्यावर स्वार होणारे हे."

"तुतीला फुलं कुठे येतात? एक फळ दिलं नाही तिनं आजवर."

"येतात, बारीक हिरवी, पांगाऱ्याच्याच दिवसांत. नर झाड आहे ते, ताई. फळ धरणं त्याच्याकडे नाही, नुसतं उधळणं."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं!"

हसता हसता ताईला खोकला आला. तो थांबल्यावर तिने सूक्ष्मदर्शकातून काचेवर पाहिलं. गुलाबी गोळ्यांचा सडा, एकेक रेखीव, जणू कुणी सवडीने घडवलेला. हाच सडा बसलेल्या चादरीत ती चार वर्षं तोंड खुपसून झोपत होती.

"हा कोपऱ्यातला कोण गं? दोन फुगे लावलेला?"

कणमोजीने पाहिलं. डोळा चोळून पुन्हा पाहिलं. "पाइनचा, थंड डोंगरातल्या सुईसारख्या पानांच्या झाडाचा. आपल्याकडे एकही पाइन नाही. ते डोंगर इथून दोन दिवसांच्या वाटेवर."

"तिथून आला? एवढासा? आणि माझ्या दोरीवर उतरला?"

फाटकातून हाक आली, "ताई, कुठलं तोडायचं? तुती तोडू का?"

"गावभर तुती आहेत, किती तोडशील?" कणमोजी म्हणाली. "चादरी घरात वाळत घालू, ताई. हे सकाळीच जास्त उडतात, म्हणून खिडकी दुपारपर्यंत बंद."

ताईने झाडतोड्याला दोरी तेवढी सोडायला सांगितली आणि चहाला बसवलं. मग पदराने डोळा पुसून ती पुन्हा काचेवर वाकली.

"सरक जरा. तो फुगेवाला मला अजून एकदा बघू दे."