दहा मुलांची बाटली

"एकटीच?" नर्सबाईंनी दारातून डोकावत विचारलं.

"दोघी आहोत की," बाकावर बसलेली सुताराची सून हसली. "एक मी, एक ही. पण टोचायचं हिलाच हां. मला सुईची भीती वाटते."

आत कापूस कापत बसलेल्या मदतनीस मावशी फिसकन हसल्या. नर्सबाईंना मात्र हसू आलं नाही. मागच्या महिन्यातही ही पोर अशीच, लेकीला कडेवर घेऊन, वरच्या वस्तीतून तासभर चालत आली होती आणि त्यांनी तिला परत पाठवलं होतं. गोवराच्या लशीची एक बाटली दहा मुलांची. फोडली की चार तासांनी उरलेली फेकूनच द्यायची. म्हणून निदान पाच-सहा मुलं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही, अशी वरच्या साहेबांची सक्त ताकीद होती. एकतीस वर्षांत बाईंच्या हातून लस वाया गेली नव्हती आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

"एकीसाठी नाही गं फोडता येत. पुढच्या महिन्यात ये. खालच्या आळीतली चारपाच येतील तोवर."

"खालच्या आळीत कुलपं आहेत, बाई."

"येतील गं कुणीतरी."

सून पोरीचं टोपडं सारखं करत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमचे हे सारखे मागे लागलेत. शहरात खोली बघितली, ये म्हणून. मीच नाही म्हणते. म्हटलं, इथे सासूबाई एकट्या, आणि पोरीचं काही दुखलं-खुपलं तर आपल्या बाई आहेत की."

बाईंना ते ऐकून बरं वाटलं. तरी त्यांनी तिला परत पाठवलंच.

या पोरीच्या नवऱ्यालाही त्यांनीच टोचलं होतं. तेव्हा लशीच्या दिवशी सकाळी आठलाच अंगण भरायचं. एक मूल रडलं की त्याचं ऐकून बाकीची सूर धरायची. दुपारपर्यंत तिसरी बाटली फुटायची आणि बाईंना पाणी प्यायलाही उसंत नसायची. मग दगडाची खाण बंद पडली. आधी बाप कामासाठी शहरात गेले, मागून आया गेल्या, जाताना मुलांना घेऊन गेल्या. उरले ते आजी-आजोबा. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, लस लागत नाही.

त्या महिन्यात बाईंच्या मनातून ती पोर काही हलेना. दोनदा आली, दोनदा रिकामी गेली. लशीच्या दिवशी सकाळी त्यांनी मावशींना सांगून टाकलं, "आज ती एकटी आली तरी फोडायची."

"साहेब फैलावर घेतील."

"घेऊ देत. नोकरीची दोन वर्षं उरलीत माझी. आता काय शाळेतून नाव काढणारेत?"

साडेदहाला ती आली. पायात नव्या चपला. फाटकाशी तिचा नवरा दोन पिशव्या घेऊन उभा.

"बाई, हिचं कार्ड द्या. तिकडच्या दवाखान्यात लागेल. अकराची गाडी आहे."

"अगं, तू तर राहणार होतीस ना?"

तिनं मान खाली घातली. "दोनदा तशीच परत गेले ना, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, जा बाई. पोरीला काही झालं तर मी म्हातारी कुठे धावू? पण तुमचा राग नाही हां, बाई. तुम्ही तरी काय करणार!"

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं नर्सबाईंना वाटलं.

"थांब. पाच मिनिटं थांब." त्यांनी बर्फाच्या पेटीतून बाटली काढली, फोडली, पाणी घालून हलवली. सुई टोचली तशी पोरीनं टाहो फोडला. तिला साथ द्यायला कुणीच नव्हतं.

नवरा दारात आला. "ओळखलंत का, बाई?"

"न ओळखायला काय झालं? पाच वर्षांचा होतास, मनगटाला कडकडून चावला होतास."

तो लाजून हसला. सून पाया पडली, डोळे पुसत म्हणाली, "येते हां, बाई."

"ये," नर्सबाई म्हणाल्या. "रात्री ताप येईल. घाबरू नकोस."

गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला. मावशी उरलेली बाटली टाकायला उचलू लागल्या.

"राहू दे. चार तास चालते ती."

"आता कोण येणारे, बाई?"

नर्सबाईंनी बाटली पुन्हा बर्फावर ठेवली, दाराची दुसरी फळीही उघडली आणि खुर्ची उंबऱ्याशी ओढून बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. रस्त्यानं एकदा एक म्हातारा काठी टेकत गेला, तेवढंच.

पावणेतीनला मावशी पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. "बाई, पावणेतीन झाले. चार तास संपले."

रस्त्यावरची नजर न हलवता नर्सबाई म्हणाल्या, "आपलं घड्याळ जरा पुढे आहे."