चार अंशांवरची किडनी

मी एक किडनी बोलतेय. डावी. आमच्यासारख्यांनी बोलावं का, आणि बोललेलं कुणी ऐकेल का, ही शंका अजून आहेच. पण आज बोलणार.

हा शंकेखोरपणा मला पहिल्या मालकांकडून मिळाला. त्यांचं नाव सांगत नाही, तसा नियम आहे. आयुष्यभर सोलापुरात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. घराला कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. रक्ताचा अहवाल चांगला आला तर दुसरीकडे तपासून घ्यायचे. मी मात्र मुकाट त्यांचं रक्त गाळत राहिले. माझं कौतुक झालं नाही. नीट चाललेल्या गोष्टीचं कौतुक माणसं करत नाहीत.

मग त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मुलाने डोळे पुसले आणि स्वतःहून अवयवदानाचं विचारलं. माझी उजवी बहीण पुण्यातच एकाला मिळाली. माझ्याविषयी कुजबुज होती: वय सदुसष्ट, त्यात सोलापूरपर्यंतचा रस्ता. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

सोलापुरात भवानी पेठेतली सिद्धेश्वरी माझी वाट बघत होती. घरी शिलाईचं काम करणारी, कित्येक वर्षं डायलिसिसवर असलेली. सोलापूरच्या मे महिन्यात तिला पोटभर पाणी प्यायची मुभा नव्हती. तहान लागली की ती बर्फाचा खडा चोखायची. याआधी एकदा तिला बोलावलं, तपासलं आणि किडनी दुसऱ्याला जुळली म्हणून परत पाठवलं. तिची नस आता डायलिसिसची सुई धरेना. मी चालले नसते, तर पुढची संधी मिळेपर्यंत ती टिकेल, असं कुणी छातीठोक सांगत नव्हतं.

शरीरातून काढल्यावर मला गार द्रावणाने आतून धुतलं. सदतीस अंशांत जन्म गेलेला, आता एकदम चार अंश. पण त्यातच माझं भलं होतं. रक्त तुटलं की उबेत आम्ही उपाशी मरतो. चार अंशांच्या आसपास आमची भूक इतकी मंदावते, की काही तास रक्ताशिवाय निभावतं. मला एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधून बर्फाच्या पेटीत ठेवलं. बर्फ अंगाला लागू नये याची काळजी घेतली.

टेंभुर्णीच्या पुढे रुग्णवाहिका बंद पडली. दुसरी गाडी निघाली होती, पण ऊन मी म्हणत होतं. सोबतच्या प्रत्यारोपण समन्वयक दाक्षायणीने पेटी तपासली. बर्फाचं पाणी होत आलं होतं आणि तापमानाचा आकडा पाच, सहा असा चढत होता. चालक चन्नवीर पळत समोरच्या रसवंतीत गेला, बर्फाची लादी घेऊन आला, पोत्यात घालून बारीक फोडली. मग तिथूनच आणलेली कागदाची पुडी उघडली. तीत मीठ होतं.

हे कशाला, असं दाक्षायणीने विचारलं.

"मीठ घातलं की बर्फ लई गार होतंय की, म्याडम. आमच्या घरी पॉटचं आईस्क्रीम असंच करतेत."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर भीती होती. मिठाने बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जातो. माझ्या पेशींतलं पाणी गोठलं असतं आणि त्या टोकदार कणांनी पेशी आतून फाटल्या असत्या. बाहेरून मी छान घट्ट दिसले असते. रक्त मिळताच लगदा झाले असते.

"अण्णा, हिला गार ठेवायचंय, गोठवायचं नाही," दाक्षायणी म्हणाली. "नुसता बर्फ घाला. थोडं पाणी राहू द्या त्यात."

चन्नवीरने मीठ शर्टाच्या खिशात टाकलं आणि बर्फ असा अलगद रचला, जणू झोपलेल्या बाळाभोवती उशा लावतोय. आकडा उतरला. पाच. चार. तिथेच थांबला. दुसरी गाडी आली, मोहोळ मागे पडलं, सोलापूर आलं.

सिद्धेश्वरीच्या पोटात मला उजवीकडे खाली बसवलं. डावीची उजवी झाले. चिमटे सुटले आणि गरम रक्त आत घुसलं. मी राखाडी होते, गुलाबी झाले. तरी मनात धाकधूक: म्हाताऱ्या किडन्या कधी कधी आठवडाभर झोपून राहतात. आणि मग, टेबलावरच, माझ्याकडून लघवीचा पहिला थेंब सुटला. पाठोपाठ धार.

बाहेर सासू सावित्रम्मा बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला तिचा एकच प्रश्न, आली का? दाक्षायणीने बाहेर येऊन सांगितलं, आली, पिशवी भरतेय. सावित्रम्मा उठली आणि पेढे घेऊनच परतली. कुणीतरी विचारलं, कशाचे?

"आमची सून मुतली," तिने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

कुणी हसलं नाही. त्या मजल्यावर सगळ्यांना त्याची किंमत माहीत होती. पेढा मात्र एकानेही सोडला नाही.

आता सिद्धेश्वरी कुरकुरते, की डॉक्टर सारखं पाणी प्या म्हणतात. ही कुरकुर मी रोज मिटक्या मारत ऐकते. तुमच्यापैकी कुणाला दानाचा निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर आम्ही म्हाताऱ्या झालोय म्हणून आधीच नाही म्हणू नका. विचारून तर बघा.

बाकी, आता थांबते. तिने भरलेला तांब्या तोंडाला लावलाय, आणि मला काम आहे.