बोटीवर धुतलेली पांढरी साडी

मी एक पांढरी साडी बोलतेय. मला वेगळं नाव नाही. मुरगूडच्या पारूबाईंची साडी म्हटलं की आमच्या आळीतलं शेंबडं पोरसुद्धा मला ओळखतं. अंगानं सुती, काठ निळा, पदरावर बारीक निळ्या रेघा. पांढऱ्या कपड्याला थोडा तोरा असतोच, तसा तो मलाही आहे. तेवढा सांभाळून घ्या.

माझा जन्म इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात मी विणली गेले, म्हणून असेल, मला गोंगाटाची भीती वाटत नाही. तिथून गठ्ठ्यात बांधून पेठ वडगावच्या एका कापड दुकानात येऊन पडले. रंगीत साड्यांना रोज कुणी ना कुणी उलगडून बघायचं. मला कुणी हात लावत नव्हतं.

सन शहाण्णवच्या उन्हाळ्यात पारूबाई मुलाच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्या दुकानात आल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "पांढऱ्या दाखवा."

दुकानदारानं आवाज खाली आणला. "कोण गेलं, मावशी?"

"कोण जातंय? पोराचं लगीन हाय माझ्या!" पारूबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. "आमच्या बौद्धांत नवरीबी पांढरीच नेसती. दाखवा की, लाजताय काय?"

दुकानदार ओशाळून हसला आणि त्यानं मला काढलं. पारूबाईंनी माझा काठ दोन बोटांत धरून चोळला, उजेडात नेऊन बघितला आणि मांडीवर ठेवला. त्या मांडीवर मी जी बसले ती बसलेच.

पारूबाईंचे मालक लवकर गेले. दुसऱ्यांच्या रानात भांगलण करून त्यांनी प्रसेनजीतला शिकवलं. तो कोल्हापुरात बँकेत लागला, प्रीती सून म्हणून घरात आली. लग्नात मी होते, नातीच्या बारशाला होते. दर वैशाखी पौर्णिमेला तर माझा मान ठरलेलाच. पहाटे अंघोळ करून पारूबाई मला नेसायच्या, विहारात वंदनेला बसायच्या आणि दिवसभर अष्टशीलाचे आठ नियम पाळायच्या.

माझी धुलाईही त्यांच्याच हातची. वेदगंगेच्या घाटावर नेऊन त्या मला खळबळायच्या, निळीच्या पाण्यातून काढायच्या आणि पिळा हलका द्यायच्या. घरात पुढे वॉशिंग मशीन आलं. प्रीती म्हणायची, "आत्ती, द्या की इकडं, टाकते मशिनीत." पारूबाई मला काखेत घट्ट धरायच्या. "मला काय हात न्हाईत व्हय?" मला वाटायचं, माझ्यावरची माया म्हणूनच हे चाललंय. साडीच ती, माझी समज किती असणार!

दोन हजार सातच्या मे महिन्यात प्रसेनजीतनं आईला सहलीला न्यायचं काढलं. सिंगापूर, आणि तिथून पुढं समुद्रातून मोठ्या बोटीवर. पारूबाईंनी आधी कॅलेंडर बघितलं. वैशाखी पौर्णिमा नेमकी बोटीवर येत होती.

"मग पांढरी साडी घ्या बरोबर," प्रीती म्हणाली.

"ती न घेता मी येतीया व्हय?" पारूबाई म्हणाल्या, आणि मी चटणीच्या पुड्या, भडंग आणि साबणाच्या वड्या यांच्यामध्ये बॅगेत शिरले.

बोट म्हणजे पाण्यावर उभं केलेलं आख्खं गाव होतं. आमच्या खोलीला समुद्राकडे उघडणारी छोटी गॅलरी होती. मी खुंटीवरून माणसं बघायचे. एवढी नटूनथटून जेवायला जाणारी ही माणसं खोलीत आली की न्हाणीघरात पायमोजे चोळत बसायची! कपडे धुवायला देण्याचे दर भिंतीवर लावले होते. ते वाचून प्रीतीनं डोळे मोठे केले आणि बेसिनमध्येच ब्लाउज भिजवला. न्हाणीघरात बारीक दोरी होती. तिच्यावर प्रसेनजीतचे बनियन इतक्या दाटीनं टांगलेले असायचे की वाळायचं नावच घेत नसत. केस वाळवायच्या यंत्रानं तो रोज सकाळी एकेक बनियन फुंकत बसायचा. घरी कधी बादलीला हात न लावणारा हा माणूस परदेशात येऊन चांगलाच धोबी झाला होता.

बॅगेत माझ्या अंगाला चटणीचा वास लागला होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी पारूबाईंनी मला साबण लावून धुतलं. न्हाणीघरातल्या दोरीवर मी मावेना. बाहेर ऊन तर लख्ख पडलेलं. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला माझं एक टोक गाठ मारून बांधलं आणि मला बाहेर सोडलं. घाटावरच्या बाया झुडपांवर लुगडी पसरतात, त्याच हिशेबानं.

समुद्राच्या वाऱ्यानं मला असं उचललं की मी बोटीच्या अंगाला लागून लांबच्या लांब फडफडू लागले. खरं सांगते, मजा आली. पण खाली संकटकाळासाठीच्या छोट्या नावा टांगलेल्या होत्या. त्यांच्या लोखंडी चाकांना काळं ग्रीस माखलेलं होतं. मी जाऊन बरोबर तिथंच आपटले.

खालून कुणीतरी ओरडलं. थोड्या वेळानं आमच्या खोल्यांची व्यवस्था बघणारा सुमनपाल धापा टाकत आला. तो श्रीलंकेचा. पारूबाईंना पहिल्या दिवसापासून 'अम्मा' म्हणायचा. कठड्यावर कपडे टाकायला बोटीवर बंदी आहे, असं त्यानं हात जोडून सांगितलं आणि मला हळूच आत ओढून घेतलं. माझ्या मधोमध वीतभर काळा पट्टा उठला होता.

पारूबाईंनी साबण घासला. ग्रीस जास्तच पसरलं. त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मला मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"आत्ती, दुसरी नेसा की उद्या," प्रीती म्हणाली. "बुद्ध काय रागावणार न्हाईत."

"ते न्हाईत रागवत. मीच रागावती माझ्यावर. पांढरी एकच आणलीया, ती बी राखता आली न्हाय."

प्रसेनजीतनं कपाटातली, धुवायचे कपडे घालून द्यायची कापडी पिशवी काढली. "आई, ही धुवायला देऊ. ग्रीस काढायचं औषध असतंय यांच्याकडं. उद्या सकाळपर्यंत देतो म्हणालाय सुमनपाल."

"नगं."

"अगं, मग नेसणार काय?"

त्या उठल्या आणि मला पुन्हा बेसिनमध्ये घालून साबण लावायला लागल्या. ग्रीसचा पट्टा सोडून बाकीचं सगळं अंग त्यांनी घासलं. काठ घासले, पदर घासला. तशीच ओली मला पिशवीजवळ आणलं.

प्रसेनजीत वैतागला. "आई, धुवायलाच द्यायचीय न्हवं? मग धुतीस कशाला?"

"मळलेलं कसं देऊ लोकांच्या हातात?"

"लोक न्हवं गं. त्यांचं कामच हाय ते."

पारूबाई खाटेवर टेकल्या. माझं पाणी त्यांच्या पायांवर ठिबकत होतं.

"माझ्या माहेराला परीट हुता," त्या म्हणाल्या. "समद्या गावाची कापडं न्यायचा. आमच्या आळीत कवा पाऊल टाकलं न्हाय त्यानं. माझी आई बाळंतीण हुती, अंगात ताप. हात उचलत नव्हता तिचा. मी आपली बारकी. दोन लुगडी घिऊन गेले त्याच्या दगडापाशी, खाली ठिवली. म्हनलं, आई आजारी हाय, एवढी धुवून द्या." त्यांनी माझा ओला काठ मुठीत धरला. "त्यानं काठी घेतली आन् काठीच्या टोकानं लुगडी माझ्याकडं ढकलली. हात लावला न्हाय. बाया बघत हुत्या. काठीनं ढकलली, पोरा. त्या दिवशी आईची लुगडी मी धुतली. तवापासनं माझं मळलेलं कापड मी कुणाफुडं ठिवलं न्हाय."

अकरा वर्षं मी त्यांच्या अंगाला लागून होते आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मशीनला त्या का नको म्हणायच्या, नदीवर एकट्या का जायच्या, ते मला तेव्हा कळलं. माया होतीच, पण तिच्याखाली ती काठी होती. मला माझ्या तोऱ्याची लाज वाटली.

प्रसेनजीतनं खाली बसून आईचे पाय पुसले. प्रीतीनं डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "मग काय करायचं, आत्ती? तुम्ही म्हणाल तसं."

पारूबाईंनी मला उचललं, स्वतःच्या हातानं पिशवीत घातलं आणि पिशवीचं तोंड आवळलं. "जाऊ दे," एवढंच म्हणाल्या. ओलीगच्च पिशवी हातात घेऊन सुमनपाल गोंधळला, पण ती तशीच खाली घेऊन गेला.

बोटीच्या पोटात, जिथं खिडकी नाही तिथं, कपडे धुवायचा कारखाना आहे. यंत्रं अशी खडखडत होती की मला क्षणभर इचलकरंजीच आठवली. एका घामाघूम, दाढीवाल्या माणसानं मला बाहेर काढलं. कुठल्या देशाचा होता कोण जाणे. त्यानं काळा पट्टा बघितला, जीभ टाळ्याला लावून चक् केलं, मला दोन्ही हातांनी टेबलावर पसरलं आणि कसलंसं औषध लावून मऊ ब्रशनं घासू लागला. मी वाट बघत होते, आता विचारेल, हे कापड कुणाचं? त्यानं पिशवीवरचा खोलीचा नंबर तेवढा बघितला आणि पुन्हा घासायला लागला.

पट्टा गेला. पण पुढं निराळाच घोटाळा झाला. एवढं लांब, पांढरं कापड त्या लोकांनी कधी बघितलेलं नव्हतं. मला वाळवून, इस्त्री करून एका पोरसवदा कामगारानं सरळ जेवणघराच्या टेबलांवर घालायच्या कापडांत नेऊन ठेवलं! सकाळी पारूबाई अंघोळ करून बसल्या, तरी माझा पत्ता नाही.

"गेली," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिली आन् गेली."

सुमनपाल कारखान्यात उतरला. यादीत मी नव्हते, कपाटात नव्हते. टेबलांच्या कापडांच्या गठ्ठ्यांवरून त्याची नजर फिरली आणि निळ्या काठावर थांबली. त्यानं मला ओढून काढलं, छातीशी धरलं आणि जिने चढत वर आला. दारात उभा राहून तो इंग्रजीत जे बोलला ते प्रसेनजीतनं आईला सांगितलं, "आई, ह्यो म्हणतोय, यांच्याकडंबी पौर्णिमेला समदी पांढरंच घालत्यात. ह्याची आईबी आज अशीच बसली असंल म्हणतोय."

पारूबाईंनी दोन्ही हात पुढं केले. मी घडी घातलेली, कडक, दुकानातून आल्यासारखी. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. जिथं पट्टा होता तिथं पुन्हा फिरवला.

"धुतली कुणी, इचार त्याला."

खाली एक माणूस आहे, त्यानं धुतली, असं उत्तर आलं.

"त्यानं काय इचारलं?"

सुमनपालला प्रश्न नीट कळला नाही. प्रसेनजीतनं पुन्हा विचारला. मग तो म्हणाला, "खोलीचा नंबर."

पारूबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी पहिल्यांदा ते टिपलं. मग त्यांनी माझी घडी मोडली. बोटीवर मेणबत्तीला बंदी, म्हणून टेबलावरचा दिवाच लावला, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आणि सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं. सुमनपालला कामाची घाई होती, तरी तो दाराबाहेर बूट काढून शेवटपर्यंत हात जोडून उभा राहिला.

तुम्हाला वाटेल, मुरगूडला परतल्यावर सगळं बदललं. छे! जन्माची खोड अशी एका सहलीत जाते होय? पारूबाई मला घेऊन पुन्हा घाटावर गेल्या. प्रीतीनंही मग कधी आग्रह केला नाही. वर्षं गेली, पारूबाईंचे गुडघे धरले, माझाही पोत विरत चालला.

ही गोष्ट यंदाची. पौर्णिमेला विहारात खीर वाटताना माझ्या निऱ्यांवर खीर सांडली. दिवसभराचा घाम होताच. दुसऱ्या दिवशी पारूबाईंनी मला तशीच गुंडाळून पिशवीत घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालाय, आत्ती?"

"बाजारात. लाँड्रीत."

प्रीती एकदम उभी राहिली. "थांबा, पटकन पाण्यातनं काढून देते आधी."

"नगं," पारूबाई म्हणाल्या. "मळलीया म्हणूनच देत्यात की."

दुकान गावातलंच, बसस्टँडजवळचं. पारूबाईंनी मला काउंटरवर ठेवलं आणि हात मागं घेतला. दुकानदार कुणाशी तरी फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, झटकलं, खिरीचा डाग बघितला आणि विचारलं, "कवा पायजे, मावशी?"

पारूबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "सावकाश द्या. काय घाई न्हाय."

आता मी इथं कपड्यांच्या ढिगात पडले आहे. वर कुणाचा तरी शाळेचा शर्ट, खाली कुणाची तरी जरीची साडी. थोड्या वेळानं माझी पाळी येईल. तोवर तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणी आपलं मळलेलं काही तुमच्यापुढं ठेवलं, तर हात पुढं करा. माझ्या अंगाला घामाचा वास येतोय, निऱ्या चिकट झाल्यात, आणि मला कुणी काठीनं ढकललेलं नाही.