वाईच सरकून

लालासाहेब पलटणीतून रिटायर झालेले. बोलणं थोडकं, आणि तेही एकदाच. त्या सकाळी धुक्यातून चालत ते आपल्या रानात आले, मेंढरांशेजारी उभ्या पिकअपखालचं तेलकट ढेकूळ उचलून त्यांनी नाकाशी नेलं आणि मेंढपाळ भाऊसोंच्या तळहातावर ठेवलं.

"भाऊसो, मला रानात लेंडीखत पायजे, ह्ये तेल नगं. उद्या पुन्हा दिसलं तर मेंढरं उठवा."

ऊस तुटून गेलेल्या त्या काळ्या रानात भाऊसोंच्या बापाचीही मेंढरं बसत आलेली. कुणी असं उठवायची भाषा केली नव्हती. भाऊसोंनी ते ढेकूळ तसंच नेऊन मुलाच्या, अमृतच्या, पुढ्यात ठेवलं.

"उद्या आटपाडीला जातो. पाव्हण्याकडनं घोडी माघारी आणतो. तू गाडी इकून टाक."

"आवं, पण आईचं गुडघं..."

"घोडी कवा तेल गाळत न्हवती," भाऊसो म्हणाले आणि बांधावर पाठ करून बसले. हे वाक्य ते वर्षभर म्हणत होते. ऐकायला कुणी नसलं की मेंढरांना म्हणत.

ती जुनी पिकअप अमृतनंच आणली होती. तो मलकापुरात गॅरेजला कामाला. आईचं, अंबूबाईचं, चालणं सरलं तेव्हा त्यानं हट्टच धरला, आणि बिऱ्हाड वाहणारी घोडी पाव्हण्याकडं गेली. तेव्हापासून बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि त्यांच्या मधोमध अंबूबाई, असा सगळा संसार चाकांवर रानोरान फिरत होता. अंबूबाई लय खूश होती. गाडी जाईल आणि आपण घरी कोपऱ्यात पडून राहू, या विचारानं आज तिनं भाकरीसुद्धा नीट खाल्ली नव्हती.

इंजिनाच्या तोंडाशी फिरता दांडा बाहेर येतो, तिथं रबराचं एक कडं असतं. ऑइल सील म्हणतात त्याला. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. अमृतनं ते दिवाळीत बदललं, तरी गळलं. गेल्या आठवड्यात पुन्हा बदललं, चांगलं पार तळापर्यंत ठोकून बसवलं, तरी गळलंच. लोकांच्या गाड्या त्याच्या हातून शहाण्यासारख्या धावायच्या आणि घरचीच रुसून बसली होती.

आज त्यानं पट्टा काढला, पुली ओढून काढली. दांड्याला ओरखडा जाऊ नये म्हणून पेचकसाच्या पात्याला चिंधी गुंडाळून सील उचकटलं आणि त्याची बैठक पुसून लख्ख केली. नवं सील हातात घेतलं आणि मग त्याचा हात काही पुढं जाईना. गाडीखाली तो तसाच पाठीवर पडून राहिला.

दुपार मऊ होती. शेजारच्या उसाचे पांढरे तुरे हलत होते आणि कोकरं झोपेतच ओठ चोखत होती. लोकरीचा उबदार वास येत होता. डोळा कधी लागला ते त्याला कळलंच नाही. स्वप्नात सगळी मेंढरं माळावरून चालली होती, पायांचा आवाज न करता, आणि त्यांच्या पुढं ती घोडी. ती सारखी मागं वळून त्याच्याकडं बघत होती. रागानं नव्हे, नुसतीच. त्याला तिची माफी मागायची होती, पण तोंडात तेल भरल्यासारखं झालं होतं. मग घोडी एका जागी थांबली, जमीन हुंगली, जराशी बाजूला झाली आणि बसली. आणि आईच्या आवाजात म्हणाली, "कालच्या जागंवर नगा. वाईच सरकून."

तो जागा झाला. उन्हं कलली होती. मेंढरांभोवती लावायची जाळी, वाघर, घेऊन भाऊसो उभे होते आणि अंबूबाई बसल्या जागेवरून सांगत होती, "आवं, त्या खुट्टीवर नगा. वाईच सरकून लावा."

रोजचंच बोलणं. काल मेंढरं बसली त्या जागी आज बसवायची नसतात, हे अमृत रांगत होता तेव्हापासून ऐकत आलेला. पण आज त्यानं इंजिनाखालच्या अंधारात हात घातला आणि दांड्यावरून नख फिरवलं. नख अडलं. सील वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लोखंडात बारीक चरी पडली होती, आणि तो गाढव दर वेळी नवं सील तळापर्यंत ठोकून नेमकं त्याच चरीत नेऊन बसवत होता.

त्यानं सीलच्या ओठाला तेल लावलं. पाइपचा तुकडा टेकवून चहूबाजूंनी सारखं, हळूहळू ठोकलं, आणि तळाला टेकायच्या आधीच हात आवरला. आता ओठ कोऱ्या लोखंडावर होता.

सगळं जोडून त्यानं इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी फिरवून आणली. भाऊसोंनी डोक्याचा पांढरा पटका सोडला, झटकला आणि इंजिनाखाली अंथरला. "सकाळी बघू," एवढंच म्हणाले.

सकाळी पुन्हा धुकं. अमृत उठून बघतो तर भाऊसो आधीच गाडीशी वाकलेले. त्यांनी पटका ओढून काढला, उलटसुलट केला, बोटांनी चाचपला. दवानं ओला झाला होता, बस्स. मग त्यांनी तो मुलासमोरच डोक्याला गुंडाळला, सावकाश, एकेक पीळ देत.

पलीकडून लालासाहेब येताना दिसले. भाऊसोंनी वाघरीचं एक टोक अमृतच्या हातात दिलं आणि मेंढरांकडं बघतच म्हणाले,

"ती घोडी ऱ्हाऊ दे पाव्हण्याकडंच."