वहिनीने फोडलेलं खोकं

मंत्रीसाहेब, तुम्ही खोटं बोललात. सभागृहात उभं राहून, समोरच्या ग्लासातलं पाणी पिऊन, कागदावरून वाचून खोटं बोललात. क्षयरोगाच्या औषधांचा कुठेही तुटवडा नाही, असं म्हणालात. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. त्याच वेळी माझी वहिनी सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवत होती. हाताला धूळ लागली, दुसरं काही लागलं नाही. खिडकीबाहेर गल्लीत आम्ही रुग्ण उभे होतो आणि समोरच्या सायकलवाल्याच्या रेडिओवर तुमचा आवाज चालू होता. रांगेतला एक म्हातारा हमाल म्हणाला, साहेबांना इकडे बोलवा, सगळे मिळून तोंडावर खोकू. माणसं हसली. वहिनी स्टुलावरून उतरली, हात पुसले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: शिल्लक शून्य.

आणि आता तुमची चौकशी समिती म्हणते, पुढे जे झालं त्याला माझी वहिनी जबाबदार. ज्याचं झालं तो मी. म्हणून मलाच सांगू द्या.

मी दगडावर अक्षरं कोरतो. घरांच्या पाट्या, थडग्यांवरची नावं, उद्घाटनांच्या कोनशिला. शाळा चौथीत सुटली, पुढचं जे काही वाचता-लिहिता येतं ते छिन्नीने शिकवलं. दगडाची भुकटी वीस वर्षं छातीत जात होती, मग एक दिवस रुमालावर रक्त आलं. वहिनीने मला हाताला धरून नेलं. ती त्याच दवाखान्यात गोळ्या वाटायची. चौदा वर्षं, दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सही करून. साहेब बदलले, रंग बदलला, भिंतीवरचे फोटो बदलले, खिडकीतली बाई तीच.

हे काम तुम्हाला वाटतं तसं पोस्टमनचं नाही. माणसाने गोळी डोळ्यांदेखत गिळायला हवी. सहा महिने, रोज. पहिल्या दोन महिन्यांतच माणसाला बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, मग तो गोळ्या चुकवतो. खंड पडला की आतले जंतू शहाणे होतात आणि पुढे त्याच गोळ्यांना भीक घालत नाहीत. वहिनी हे रोज पन्नासदा सांगायची, कधी लाडाने, कधी आईबाप काढून. मला तर दिराचा मान म्हणून जास्तच. गोळी गालात धरून मी एकदा निघालो तर गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "भावजी, तो गाल उघडा. लग्नात मानपानाला फुगला होता तसा फुगलाय."

दर रुग्णाच्या नावाचं एक खोकं असायचं. पुठ्ठ्याचं, बुटाच्या खोक्याएवढं. उपचार सुरू झाला की त्या माणसाच्या पूर्ण सहा महिन्यांच्या गोळ्या त्यात घालायच्या, वर त्याचं नाव लिहायचं. नियम एकच: एकाचं खोकं दुसऱ्यासाठी फोडायचं नाही. पुढे काहीही झालं तरी सुरू झालेल्या माणसाचा उपचार अर्धवट राहू नये, म्हणून. शहाण्या माणसाने केलेला नियम होता. मग तुमचं अनुदान आटायला लागलं आणि सहा महिन्यांच्या जागी महिन्याचा माल यायला लागला, महिन्याचा पंधरवड्याचा झाला. आम्ही जुने रुग्ण भरल्या खोक्याचे. नवे आले त्यांच्या खोक्यावर नुसतंच नाव.

त्या मंगळवारी वहिनीने जिल्ह्याच्या भांडाराला फोन लावला. भांडारपालाने सांगितलं, वरून पैसेच सुटले नाहीत, पुरवठादाराने गाडी थांबवली आहे, तरी येत्या मंगळवारपर्यंत माल नक्की. ती म्हणाली, लेखी द्या. त्यांनी लेखी दिलं. तो कागद आजही आमच्याकडे आहे, तुमच्या खात्याच्या शिक्क्यासह.

आठ दिवसांचा प्रश्न होता. वहिनीने शेजारच्या दोन दवाखान्यांपुढे हात पसरून थोड्या गोळ्या उसन्या आणल्या. ज्यांना जमत होतं त्यांना दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. बाहेरच्या औषधांच्या दुकानांत मी स्वतः फिरलो. या गोळ्या सरकारच विकत घेतं आणि सरकारच वाटतं, दुकानदाराने पाकीट बघून मान हलवली. तिसऱ्या दिवसापर्यंत वहिनीने सगळ्यांचं कसंबसं लावलं. एक सोडून.

ती पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. वय असेल बावीस-तेवीस. उपचाराचा तिसरा महिना, वजन अडतीस किलो, अंगावर पाच महिन्यांचं मूल. मोठ्या इस्पितळात रोज जायचं तर कामावरून काढतील आणि न जायचं तर गोळी नाही. ती खिडकीपाशी उभी होती आणि काही मागत नव्हती. मूल तिच्या खांद्यावरून गज धरायला बघत होतं. वहिनी तिला सांगत होती की उद्या ये, उद्या बघू. काल-परवाच्या तिच्या गोळ्या उसन्यांतून निघाल्या होत्या, आजच्या निघत नव्हत्या.

मी मागे उभा होतो. माझा पाचवा महिना सरत आला होता. वजन सहा किलोने वाढलेलं, खोकला गेलेला, परत कामावर जात होतो. खोक्यात अजून साडेचार आठवड्यांच्या गोळ्या होत्या, त्याच जातीच्या. माझ्या वजनाला दिवसाला चार, तिच्या वजनाला तीन. एवढाच फरक.

मी म्हटलं, वहिनी, माझ्यातल्या द्या हिला.

वहिनीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा तिने मला आत बोलावलं, दार लोटलं आणि दबक्या आवाजात झापलं. नियम माझ्यासाठीच आहे, दीर आहे म्हणून तो वाकणार नाही, उद्या मला काही झालं तर घरात तोंड कुठे दाखवू, असं बरंच. मी तिला तो शिक्क्याचा कागद दाखवला. मंगळवारी माल येतोय ना? तोवर दोघं एका खोक्यातलं घेऊ, मंगळवारी माझं तुम्ही परत भरा. कोणाचाच खंड पडणार नाही.

ती कागद बराच वेळ वाचत होती. चौदा वर्षं नोकरी केलेली बाई, सरकारी शिक्का खोटा असू शकतो हे तिला ठाऊक नसेल असं नाही. पण बाहेर ते मूल रडायला लागलं होतं.

तिने खोकं फोडलं. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी तुमच्यापैकी एकानेही केली नसती. रजिस्टर उघडलं, तारीख घातली, माझं नाव, त्या बाईचं नाव, किती गोळ्या कोणाच्या कोणाला, आणि खाली स्वतःची सही. भांडारपालाला कळवलं तेव्हा तो फोनवर म्हणाला म्हणे, ताई, द्यायच्या तर गुपचूप द्या, लिहिता कशाला. वहिनी म्हणाली, गोळी दिली की लिहायची, मला दुसरं काम येत नाही.

मंगळवार आला. माल आला नाही.

मोठ्या इस्पितळातलाही साठा त्याच आठवड्यात संपला. वहिनीने चार पत्रं लिहिली, दोनदा जिल्ह्याला जाऊन आली. तिथे तिला बाकावर बसवून ठेवलं आणि दुपारी सांगितलं की अनुदान अजून वर्ग झालेलं नाही. वर्ग व्हायचं म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचं. त्याला तुम्हाला किती दिवस लागतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

माल न आलेल्या त्या मंगळवारी संध्याकाळी वहिनी घरी आली, चप्पल काढली आणि तशीच उंबऱ्यात बसली. दादा, म्हणजे माझा भाऊ, आत होता. मी तिच्यासमोर खाली बसलो. खोक्यात उरलेल्या गोळ्या तिने पदरात आणल्या होत्या, तिथे ठेवायची तिची हिंमत झाली नव्हती. तिने मला सरळ सांगितलं. दोघांनी वाटून घेतल्या तर बारा दिवस, मग दोघांचा खंड. तुम्ही एकट्याने घेतल्या तर तुमचं तीन आठवडे निभेल, तिचं आज संपलं. एकट्या तिला दिल्या तर तिला चार आठवडे.

"तुमच्या तुम्ही घ्या भावजी," ती म्हणाली. "मी सांगते तिला. शिव्या मी खाईन."

"ती शिव्या देणारी नाहीये वहिनी. देणारी असती तर सोपं होतं."

"मग काय करू? बोला ना. तुम्ही दगडावर चुकलात तर दगड बदलता. मी कुठून बदलू?"

मी वहिनीला सांगितलं की माझे पाच महिने झालेत, मला बरं वाटतंय, मी मोठा माणूस आहे. त्या बाईचा तिसरा महिना आहे, तिच्यात काही उरलेलं नाही आणि तिचं दूध ते पोर पितं. दादा आतून बाहेर आला. तो बोलणारा माणूस नाही. त्याने बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "त्याला कळतंय तो काय म्हणतोय ते."

वहिनीने दुसऱ्या दिवशी तेही रजिस्टरमध्ये लिहिलं. रुग्णाने स्वतः समजून उमजून दिल्या, असं. खाली मी सही केली. कोरल्यासारखी, प्रत्येक अक्षर वेगळं.

माल आला तो पाचव्या आठवड्याच्या शेवटी. माझा खंड अठ्ठावीस दिवसांचा झाला. तिचा एका दिवसाचाही झाला नाही.

मी उरलेल्या गोळ्या पूर्ण केल्या. दोन महिन्यांनी खोकला परत आला. वहिनीने ओळखलं, डबी हातात दिली, यात सकाळचा पहिला बेडका आणा म्हणाली. तपासायचं यंत्र आमच्या दवाखान्यात आहे. तुम्हीच त्याचं उद्घाटन केलंत, तिथल्या भिंतीतली तुमच्या नावाची पाटी माझ्या हातची आहे. तास-दोन तासांत ते सांगतं की जंतू आहेत का आणि गोळ्यांना दाद देतात का. पण त्यात घालायच्या नळकांड्या संपल्या होत्या. त्याही त्याच अनुदानातून यायच्या. यंत्रावर कापड टाकलेलं होतं, वर कोणीतरी टेबलफॅन ठेवला होता. माझा नमुना दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि उत्तर यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मी घराबाहेर, जिन्याखाली झोपलो. उत्तर असं होतं की जुन्या दोन मुख्य गोळ्या आता माझ्यावर चालणार नाहीत.

आता नवा उपचार आहे, दीड वर्षाचा. या गोळ्यांनी कातडी काळवंडते. पायांना मुंग्या येतात, मग त्या बोटांत चढतात. छिन्नी मला हातात जाणवत नाही. दोनदा हातोडी बोटावर बसली आणि रक्त दिसल्यावर मला कळलं. काम सुटलं. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. मी दिलं ते मी दिलं, आणि आज कोणी विचारलं तरी देईन. ती बाई बरी झाली. तिचं मूल आता भिंत धरून चालतं.

मग तुमची समिती आली. तीन माणसं, एक दिवस. रजिस्टर उघडलं आणि त्यांना हवं ते सगळं वहिनीच्याच अक्षरात मिळालं. शिल्लक शून्य लिहिलेली पानं त्यांनी उलटली, तिची चार पत्रं फायलीत होती ती उलटली आणि या एका पानावर बोट ठेवलं. मी दाराबाहेर बसलो होतो. नियम माहीत होता का, असं त्यांनी विचारलं. होता म्हणाली. मग खोकं का फोडलं? ती म्हणाली, "त्या बाईच्या खोक्यावर नुसतंच नाव होतं म्हणून." त्यांनी लिहून घेतलं: समाधानकारक उत्तर देता आले नाही.

अकरा महिने संपले, नवा करार झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने उरलेल्या रुग्णांची कार्डं तारखेप्रमाणे लावली. कोणाला उलटी होते, कोण गोळी गालात धरतो, कोण घरी खोटं सांगून येतो, हे प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिहिलं. तिच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. खिडकीला आतून पुठ्ठा लावला आहे. तरी सकाळी दहाला वहिनी गल्लीत जाते. कोणी रुग्ण येऊन पुठ्ठ्याकडे बघत उभा राहिला तर त्याला कुठली बस, कुठला मजला, कोणती खोली ते सांगते. उन्हात तासभर थांबते आणि घरी येते.

परवा तुमच्या खात्याचा माणूस माझ्याकडे एक छापील कागद घेऊन आला होता. "मला कोणतीही कल्पना न देता माझी औषधे इतरांस देण्यात आली." खाली सहीसाठी रेघ. सही केली तर मदतनिधीसाठी माझं नाव पुढे पाठवता येईल, असं म्हणाला. चांगला माणूस होता, खाली बघून बोलत होता. मी त्याला पाणी दिलं आणि कागद ठेवून घेतला.

सही मी करणार नाही. त्या रेघेवर मी तुमच्यासाठी प्रश्न लिहिला आहे, बधिर बोटांनी, वेडावाकडा. खोक्यात उरलेल्या गोळ्या एकालाच पुरणाऱ्या होत्या. खिडकीबाहेर दोन माणसं होती, एक मी आणि एक ती. आतल्या खुर्चीत माझ्या वहिनीच्या जागी तुम्ही असतात, तर त्या कोणाला दिल्या असत्या? चौकशी चालू आहे, असं कळवू नका. आमच्या दोघांपैकी एकाचं नाव लिहा, खाली तुमची सही करा आणि पाठवा.