गार चहा

माझा डावा हात झोपलाय, असं आई सांगायची. उठेल कधीतरी. मी लहान असताना झाशीत आमच्या नगरा वस्तीत टोचणीवाले आले, देवीची लस टोचून गेले, आणि मला असा ताप चढला की घराचं छत हलायला लागलं. ते हलतं छत मला अजून दिसतं. ताप उतरला, हात तेवढा उठला नाही.

बाबा रेल्वेत कारकून. त्यांनी सरकारवर नुकसानभरपाईचा दावा लावला. आईचा दावा मात्र स्वतःवरच होता. चूल न पेटवता शिळं खायची शीतळा सप्तमी आमची श्रावणात, झाशीतल्या शेजाऱ्यांची होळीनंतर. त्यांच्या सणाला गल्लीत एकही चूल पेटली नव्हती, आणि आईनं आपल्या पंचांगावर विसंबून माझ्यासाठी दूध तापवलं. दुपारी टोचणीवाले आले. गावच्या शीतळामातेचा आपल्या चुलीमुळे कोप झाला, हे तिनं मनाशी धरलं ते धरलंच. तेव्हापासून आम्हाला तव्यावरची पोळी आणि स्वतःला शिळी. चहासुद्धा गार करून प्यायची. मला भारी राग यायचा. हात माझा आणि शिक्षा हिला!

दावा वर्षानुवर्षं चालला. निकालाच्या दिवशी कोर्टात पंखा पेंगत होता, खिडकीत कबुतरं घुमत होती. माझाही डोळा लागत होता आणि तेच जुनं छत पुन्हा हलत होतं. लांबून कुठूनतरी न्यायाधीशांचा आवाज आला.

"बच्ची का हाथ टीके से ही गया है. मगर टीका ठीक था, लगानेवाला भी ठीक था. कसूर किसी का नहीं. मुआवज़ा नहीं बनता."

बाबा बाकावर मटकन बसले. आईनं पदर सावरला आणि उभी राहिली.

"साहबजी, घर में भी किसी का नहीं?"

"किसी का नहीं, माताजी."

टांगा छावणीतल्या झाडांच्या सावलीतून घराकडे निघाला. "हरलो आपण," बाबा एवढंच म्हणाले. आई झाडांकडे बघत होती.

घरी येताच तिनं चूल पेटवली. चहा उकळला आणि वाफेसकट कपाला तोंड लावलं.

"आई गं, जीभ भाजली!" म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली. बाबा चपला न काढता दारातच उभे.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तिला चिकटून बसले आणि झोपलेला हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. ती तो कुरवाळत राहिली. उठेल कधीतरी, असं या वेळी म्हणाली नाही.