हिरवा ठिपका

“सालं निघाली हाताची या साबणापायी,” पॅकिंगच्या टेबलाशी नणंद पुटपुटली.

तिची वहिनी, ठिपकेवाली, चिकटपट्टी मागायला तिच्या पाठीशी येऊन उभी होती. पॅकिंगमध्ये साबणाचं काय काम, हे तिला कळेना.

गॅसच्या शेगडीचे व्हॉल्व्ह लाइनवरून आधी तिच्या टाकीपाशी येत. हवा भरायची, पाण्यात धरायचा, बघत राहायचं. बुडबुडा आला तर लाल खोक्यात. नाही आला तर हिरव्या रंगाचा ठिपका देऊन पुढे. तिच्या नजरेतून हवासुद्धा सुटत नाही, अशी ख्याती. नवरासुद्धा पाण्यात बुडवून पारखून घेतला असणार, म्हणून बायका तिला चिडवायच्या. अलीकडे चिडवणं थांबलं होतं. तिला वाटलं, वयाचा मान ठेवतायत. अलीकडे टाकीचं पाणीही तिला सारखं गढूळ वाटायचं. ते बदलून बदलून हमाल वैतागला होता.

तिने नणंदेच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. धूळ उडवायची हवेची नळी व्हॉल्व्हला लावलेली, आणि सांध्यावर साबणाचा फेस. फेसाचा फुगा हळूहळू लिंबाएवढा झाला. एवढा मोठा, की तिलाही दिसला. त्याच्या शेजारीच तिचा हिरवा ठिपका होता.

नणंदेने व्हॉल्व्ह चटकन टेबलाखालच्या बादलीत टाकला. बादलीत तसले आणखी होते. आजूबाजूच्या बायका एकदम खोकी चिकटवायच्या घाईला लागल्या. वहिनी, टाकीवर माल तुंबेल, तुम्ही व्हा पुढे, असं नणंद खाली मान घालून म्हणाली. घरी सुई ओवायला घेतली की हीच हातातून काढून घ्यायची. लाड करते, असं ठिपकेवालीला वाटायचं. लाडच होते ते.

तेवढ्यात सुपरवायझर आला. उद्यापासून नणंदेला पलीकडच्या शेडमध्ये जायचं होतं. इथली सवय झालीय, मला इथेच राहू द्या, म्हणून तिने आर्जवं केली. सवय काय, तिथेही होईल, म्हणत तो हसला आणि ठिपकेवालीकडे वळला. तुमच्या कामाकडे मात्र बघायलाच नको, म्हणाला.

“त्यांना काय धाड भरलीय,” नणंद घाईने म्हणाली. “सगळं नीट आहे त्यांचं.”

टाकीवरून येताना आणलेली हिरव्या रंगाची बाटली ठिपकेवालीच्या हातात तशीच होती. टाकीवरून उठवलं, की तिला दुसरीकडे कोण घेणार? या वयात थेट घरीच. आणि गप्प राहिलं, तर उद्यापासून तिचा ठिपका फेसाने न तपासता सरळ कुणाच्या तरी ओट्यावर जाणार. तिथे कुणीतरी सकाळी अर्धवट झोपेत काडी ओढणार.

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती त्याच्यापुढे धरली.

“साहेब, मला बुडबुडे दिसत नाहीत.”